अडीच हजारांचं विमान तिकीट: उरलेले पैसे कोण भरतं?

फ्लाइट बुक करताना पैसे भरण्याआधी तिकिटाचा तपशील एकदा उघडून बघा. काही एअरलाइन्सच्या बिलात 'रिजनल कनेक्टिव्हिटी चार्ज' अशी एक छोटी ओळ दिसते. मुंबई–दिल्ली जाणाऱ्याने भरलेले हे पैसे भलत्याच कुठल्या छोट्या गावाच्या विमानासाठी जातात. 'उडान' योजना यावरच चालते.

योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये आली. २७ एप्रिल २०१७ ला पहिली विमानं उडाली, त्यातलं एक नांदेड–हैदराबाद होतं. नियम साधारण असा: विमानातल्या निम्म्या सीट स्वस्त ठेवायच्या, तासाभराच्या प्रवासाला सुमारे २,५०० रुपये. त्यातून येणारा तोटा अनुदानाने भरायचा, ज्याला 'व्हायबिलिटी गॅप फंडिंग' म्हणतात. त्यातला ८० टक्के वाटा मोठ्या मार्गांवरच्या आकारणीतून आणि २० टक्के राज्य सरकारकडून. जी एअरलाइन सगळ्यात कमी अनुदान मागेल, तिला तो मार्ग तीन वर्षं एकटीला मिळतो.

आता सिंधुदुर्गातलं चिपी घ्या. ९ ऑक्टोबर २०२१ ला हा विमानतळ सुरू झाला आणि अलायन्स एअरचं ७० सीटचं एटीआर मुंबईहून तिथे जाऊ लागलं. एका फेरीचा खर्च ३ लाख रुपये धरू (आकडा फक्त गणितासाठी). विमान ७० टक्के भरलं, म्हणजे ४९ प्रवासी. त्यातल्या ३५ जणांचे अडीच हजारांप्रमाणे ८७,५०० रुपये झाले. बाकीचे २,१२,५०० रुपये उरलेल्या १४ जणांकडून काढायचे, तर प्रत्येकी १५ हजारांच्या वर! कोकण रेल्वे असताना कुडाळला जायला एवढे कोण देईल? गणपतीत देतीलही, पण एअरलाइनला जुलैतल्या मंगळवारीसुद्धा विमान उडवायचं असतं.

म्हणजे अनुदान संपलं की खरी परीक्षा. चिपीची तीन वर्षं ऑक्टोबर २०२४ मध्ये भरली आणि त्याच महिन्यात हे मुंबईचं विमान बंद झालं. चिपी काही एकटं नाही. कॅगच्या २०२३ च्या अहवालात उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशोब आहे: मंजूर मार्ग ७७४, त्यातले सुरू झाले ३७१, तीन वर्षं पूर्ण केली ११२ नी आणि त्यानंतरही मार्च २०२३ मध्ये चालू होते फक्त ५४.

अनुदान हा अर्धाच भाग. दुसरी अडचण मुंबईच्या स्लॉटची. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. ७० सीटचं एटीआर असो की १८० सीटचं एअरबस, स्लॉट एकच लागतो. मग तो कोणाला द्यावासा वाटेल?

इथे आमचा रायगड येतो. आम्ही किनाऱ्यावरचे लोक मांडव्याहून रो-रो पकडून आधी भाऊचा धक्का गाठायचो आणि मग ट्रॅफिकमधून विमानतळ. आता पनवेल तालुक्यात, उलव्याजवळ नवी मुंबई विमानतळ झालाय. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली आणि पहिल्या एअरलाइन्समध्ये स्टार एअर ही छोट्या शहरांना जोडणारी कंपनीही होती. थोडक्यात, छोट्या विमानांना स्लॉट मिळण्याची शक्यता वाढली.

पण चिपीहून येणाऱ्या प्रत्येकाला मुंबईतच थांबायचं नसतं. कोणाला दिल्ली गाठायची असते, कोणाला दुबई. अशा प्रवाशासाठी भागीदारी लागते. 'कोडशेअर'मध्ये मोठी एअरलाइन छोट्या विमानाची सीट स्वतःच्या फ्लाइट नंबरने विकते आणि भाडं दोघी वाटून घेतात. छोट्या कंपनीला आयते प्रवासी मिळतात. अमेरिकेत याच्याही पुढची पद्धत आहे: स्कायवेस्टसारखी कंपनी डेल्टासाठी विमान उडवते आणि ठरलेले पैसे घेते. सीट रिकाम्या राहिल्या तर तो डेल्टाचा प्रश्न.

आपल्याकडे अलायन्स एअर ही एअर इंडियाचीच उपकंपनी होती. जानेवारी २०२२ मध्ये टाटांनी एअर इंडिया घेतली, अलायन्स मात्र सरकारकडेच राहिली आणि एप्रिलपासून दोघींची तिकीट विक्री वेगळी झाली. चिपीचं विमान तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचं होतं.

प्रवाशाला याचा फटका कसा बसतो? माझ्या कुडाळच्या मित्राने दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढली होती. पहिलं विमान लेट, दुसरं निघून गेलं आणि दुसऱ्या तिकिटाचे सगळे पैसे बुडाले. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असते तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असती. म्हणून बुक करताना 'ऑपरेटेड बाय' ही बारीक अक्षरातली ओळ बघा आणि पीएनआर एक आहे की दोन, तेही.

उलव्यात अजून एक गोची आहे. तिथली सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी झाली. दुबईचं विमान सहारहून असेल, तर उलव्यात उतरलेल्या माणसाला बॅग घेऊन अख्खी खाडी ओलांडायचीय. अटल सेतू आहे, पण त्याचा टोल कुठल्याच पीएनआरमध्ये धरलेला नसतो.