लहान चाकांची घडीची सायकल



आपल्याकडे घरात एकच सायकल घ्यायची तर ती दांड्याची घेतली जायची. दांडा आडवा, सीट उंच. मुलींनी ती शिकायची म्हणजे दांड्याखालून पाय घालून, तिरपं होऊन. साडी नेसल्यावर तर तेही जमत नसे. बिनदांड्याची लेडीज सायकल बाजारात होती, पण ती घरातल्या सगळ्यांची मानली जात नसे. आज मी सांगणार आहे ती गोष्ट इंग्लंडातली आहे. तिथे एका माणसाने घरातल्या सगळ्यांना चालेल अशी सायकल करायची असं ठरवलं, आणि त्यातून पुढे घडी करून गाडीत नेता येणारी सायकल आली.

घडीची कल्पना त्याआधीचीच. दुसऱ्या महायुद्धात बी.एस.ए. कंपनीने छत्रीने उडी मारणाऱ्या सैनिकांसाठी घडीची सायकल केली होती. पण तिची चाकं मोठीच होती. घडी करूनही ती बरीच जागा खायची.

1956 साली सुएझ कालव्यावरून युद्ध झालं, तेलाची जहाजं अडली आणि इंग्लंडात पेट्रोल रेशनवर आलं. लोकांना पुन्हा सायकल आठवली. तेव्हा अ‍ॅलेक्स मोल्टन या इंजिनियरला प्रश्न पडला, की सायकलचं रूप इतकी वर्षं तेच का? त्याच्या घराण्याचा रबराचा धंदा होता. मिनी मोटारीला धक्के शोषणारं रबर बसवलं तेही त्यानेच.

1962 साली त्याची सायकल बाजारात आली. चाकं फक्त 16 इंचांची. आडवा दांडा नाही, फ्रेम खाली. सीट वरखाली केली की तीच सायकल नवऱ्याला, बायकोला आणि मोठ्या मुलालाही चालायची. चाकं लहान असल्यामुळे पुढे-मागे सामान ठेवायला मोकळी जागा मिळाली, आणि ओझं खाली राहिल्याने तोलही सांभाळला गेला.

लोक म्हणाले, हे तर पोरांचं खेळणं! एवढ्याशा चाकाला किती फेरे मारावे लागतील? पण पायडल किती वेळा मारायचं हे चाकावर एकट्यावर ठरत नाही. पुढचं चेनव्हील मोठं ठेवलं की एका पायडलमध्ये मोठ्या सायकलइतकंच अंतर कापता येतं. लहान चाकाला दणके जास्त बसतात हे मात्र खरं. त्यासाठी मोल्टनने रबराचं सस्पेन्शन दिलं, आणि अरुंद टायरमध्ये हवा चांगली टणक भरली. त्याच 1962 च्या डिसेंबरात जॉन वुडबर्न या सायकलपटूने याच सायकलवर कार्डिफ ते लंडन हा रस्त्याचा विक्रम मोडला. त्यानंतर खेळणं म्हणणाऱ्यांना उत्तर सुचेना.

मोल्टनच्या सायकलची घडी होत नव्हती. एका प्रकाराचे तेवढे मधून दोन भाग करता यायचे. 1970 नंतर हॅरी बिकर्टन यांनी अ‍ॅल्युमिनियमची हलकी घडीची सायकल काढली. ती पाहून अँड्र्यू रिची या तरुणाला वाटलं, याहून चांगली घडी करता येईल. लंडनच्या ब्रॉम्प्टन चर्चसमोरच्या आपल्या खोलीत त्याने काम सुरू केलं आणि सायकलला नावही ब्रॉम्प्टन असंच दिलं. तिची घडी केली की तेलकट चेन दोन चाकांच्या मधे लपते. कपड्याला डाग लागत नाही, आणि सायकल गाठोड्यासारखी उचलून नेता येते. मोठ्या कंपन्यांनी नाही म्हटलं, पैशांसाठी वर्षं गेली. मोठ्या प्रमाणावर काम सुरू व्हायला 1988 साल उजाडलं.

या घडीने प्रवासाची रीत बदलली. घरून स्टेशनपर्यंत सायकल, गाडीत घडी, उतरल्यावर पुन्हा सायकल. थकलं, पाऊस आला, चढ लागला तर बस धरायची. क्रिश्चन मिलर ही स्कॉटलंडमध्ये वाढलेली लेखिका. पन्नाशी ओलांडल्यावर ती घडीच्या सायकलवर एकटी अमेरिका पार करून गेली. त्या प्रवासावर तिने 1980 साली ‘डेझी, डेझी’ हे पुस्तक लिहिलं. तिच्याजवळ मोटार नव्हती, सोबत कोणी पुरुष नव्हता. होती ती फक्त स्वतःला उचलता येईल अशी सायकल.

या सायकलला मर्यादाही आहेत. चांगली घडीची सायकल महाग मिळते. लहान चाक खड्ड्यात लवकर अडकतं, त्यामुळे आपल्या कच्च्या रस्त्यांवर जपून चालवावी लागते. घडीचे सांधे नीट आवळलेत ना, हे निघण्याआधी दर वेळी पाहावं लागतं. त्यामुळे उद्याच अशी सायकल घ्या, असं मी म्हणत नाही.

पण मोल्टनने पहिला प्रश्न विचारला तो चालवणाऱ्याच्या सोयीचा होता. दांडा गेला, चाक लहान झालं, ते त्या प्रश्नामुळे. पुढच्या बैठकीत तुम्हीही एकमेकींना विचारा. गटातल्या किती जणींना सायकल येते? ज्यांना येत नाही, त्यांना कशाने अडवलं? उंच सीटने, साडीने, की लोक काय म्हणतील या धाकाने? सीट तर पान्याने खाली करता येते. तिथून सुरुवात करू.