फ्रिगेटची वर्गवारी आणि तटरक्षक कटरचा आराखडा

फ्रिगेट : ताफ्याचे व व्यापारी जहाजांचे रक्षण, पाणबुड्यांचा माग आणि दूरवरची गस्त यांसाठी बांधलेली युद्धनौका. कटर : अमेरिकी तटरक्षक दलात 65 फूट वा त्याहून लांब आणि खलाशांच्या मुक्कामाची सोय असलेले कोणतेही जहाज.

फ्रिगेटसाठी टनांचे वा लांबीचे सर्वमान्य माप नाही. अमेरिकी नौदलात 1975 पर्यंत विनाशिकेपेक्षा मोठ्या नौकांना फ्रिगेट म्हणत. 30 जून 1975 रोजी वर्गवारी बदलली. त्या मोठ्या फ्रिगेटपैकी बहुतेक क्रूझर ठरल्या, काही विनाशिका झाल्या आणि विनाशिकेहून लहान असलेल्या रक्षक नौका फ्रिगेट म्हणवल्या जाऊ लागल्या. एकाही जहाजाचा बोल्ट हलला नव्हता. भारतातही राजपूत वर्गाच्या विनाशिका सुमारे 5,000 टनांच्या, तर माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या शिवालिक वर्गाच्या फ्रिगेट 6,000 टनांहून जड. म्हणून नावावरून किंवा आकारावरून ताकद ठरवू नये. सोनार कोणता, क्षेपणास्त्रे कोणती, यंत्रांचा आवाज किती, हे पाहावे.

तटरक्षक दलाची निकड वेगळी असते. संशयित बोटीवर माणसे चढवणे, बुडणाऱ्यांना वर घेणे, बंद पडलेले जहाज ओढून आणणे आणि हे सारे खवळलेल्या समुद्रात, आठवडेच्या आठवडे बंदराबाहेर राहून करणे. तेव्हा आराखडा निवडताना पहिला प्रश्न तोफेचा नसावा. इंधन किती दिवस पुरेल, छोटी बोट किती लाटेत उतरवता येईल, हेलिकॉप्टर डेकवर टेकेल का आणि सांगाडा किती वर्षे ताण सोसेल, हे प्रश्न आधी येतात.

शेवटचा प्रश्न सर्वांत महागडा. अमेरिकी तटरक्षक दलाने 110 फुटी गस्तनौका मागच्या बाजूने 13 फूट वाढवून त्यांवर छोटी बोट थेट पाण्यात सोडण्यासाठी उतार बसवला. कल्पना कामाची होती. पण त्या नौकांचा पत्रा पातळ, आणि लांबी वाढली की सांगाड्यावरचा वाकण्याचा ताणही वाढतो. डेक व बाजूचे पत्रे पिचकले, भेगा पडल्या. अशा आठही नौका 2006 मध्ये सेवेतून काढाव्या लागल्या. जुन्या सांगाड्यावर नवे काम लादण्याआधी ताणाचा हिशेब पक्का हवा, हे या प्रकरणातून दिसते.

शीतयुद्धात कटर आणि फ्रिगेट यांतली सीमा पुसट होती. 1967 ते 1972 दरम्यान दाखल झालेल्या 12 हॅमिल्टन वर्गीय कटरांवर सोनार आणि पाणतीरही होते. त्यांची जागा घेणाऱ्या लेजंड वर्गाची पहिली कटर ‘बर्थॉल्फ’ 2008 मध्ये सेवेत आली : लांबी 418 फूट, पल्ला 12,000 सागरी मैल, मागे बोटीचा उतार. इथेही सांगाडा 30 वर्षे टिकेल का, अशी शंका नौदलाच्या अभियंत्यांनी घेतली. पहिल्या दोन कटर पुढे मजबूत करण्यात आल्या आणि तिसरीपासून आराखडाच सुधारला. डिसेंबर 2025 मध्ये अमेरिकी नौदलाने आपल्या नव्या फ्रिगेटसाठी याच कटरचा आराखडा निवडल्याचे जाहीर केले. लांब पल्ला तिला आयता मिळेल. फ्रिगेटची मारकशक्ती मात्र वेगळी घालावी लागेल.

भारतीय तटरक्षक दलाची सुरुवात फ्रिगेटपासूनच झाली. 1978 मध्ये रीतसर स्थापना झालेल्या या दलाला नौदलाकडून गस्तनौकांबरोबर ‘कृपाण’ आणि ‘कुठार’ या दोन जुन्या फ्रिगेट मिळाल्या. 1971 च्या युद्धात बुडालेल्या ‘खुकरी’च्याच वर्गातल्या या नौका. पाणबुड्या शोधण्यासाठी बांधलेल्या, हेलिकॉप्टरची सोय नसलेल्या. नव्या दलाला उभे राहण्यासाठी त्यांचा मोठा आधार झाला. पण किनाऱ्याच्या गस्तीसाठी तो कायमचा उपाय नव्हता. माझगाव डॉकने खास या दलासाठी बांधलेली, हेलिकॉप्टर उतरू शकेल अशी गस्तनौका ‘विक्रम’ 1983 मध्ये दाखल झाली.