घाममाशीची ओळख

ज्याला नांव नाहीं, तें मनुष्याच्या लेखीं असून नसल्यासारखें असतें. वाघ, हत्ती, गरुड यांना नांवें मिळण्यास विलंब लागला नाहीं. त्यांचें भय किंवा कौतुक लोकांस प्रथमपासूनच वाटत आलें. परंतु जमिनींत बीळ करून राहणाऱ्या, तांदुळाच्या दाण्याएवढ्या एका माशीची ओळख पटण्यास शास्त्रज्ञांस दोन शतकें खर्चावीं लागलीं. त्या ओळखीचा इतिहास आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, तो केवळ करमणुकीसाठीं नव्हे. आपल्या शेजारीं कोण राहतें हें ठाऊक नसेल, तर तो शेजार केव्हां उठून गेला हेंहि कळत नाहीं, याचा तो एक बोलका दाखला आहे.

इंग्रजींत हिला ‘स्वेट बी’ म्हणतात. आपण घाममाशी म्हणूं. घामेजलेल्या हातावर बसून त्यांतील क्षार चाटण्याची हिला खोड आहे, म्हणून हें नांव. मधमाशीची ही आप्त खरी. पण ही मेणाचें पोळें बांधीत नाहीं कीं मधाचा सांठा करीत नाहीं. मादी जमिनींत बीळ खणते, त्याच्या बाजूंस लहान लहान खोल्या काढते आणि आपल्या शरीरांतील एका ग्रंथीच्या स्रावाचा लेप देऊन त्यांत ओल येऊं देत नाहीं. प्रत्येक खोलींत परागाचा व मधुरसाचा एक गोळा ठेवावयाचा, त्यावर एक अंडें घालावयाचें आणि खोली बंद करावयाची, असा तिचा संसार.

या मोठ्या कुळांत उत्तर अमेरिकेंत विपुल आढळणारा एक गट आहे. त्याचें नांव डायलिक्टस. यांतील बहुतेक माश्यांच्या अंगावर हिरवट, निळसर किंवा पितळेसारखी चकाकी असते. हा रंग कोणत्याहि रंगद्रव्याचा नव्हे. साबणाच्या फुग्यावर जसे रंग खेळतात, तशी कवचाच्या अत्यंत पातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची ती किमया आहे. मात्र हीच चकाकी अभ्यासकांस चकविणारी ठरली. सगळ्याच माश्या सारख्याच चकाकणाऱ्या. त्यांत ही कोणती व ती कोणती, हें सांगावें कसें?

आरंभीं सगळी भिस्त बाह्य रूपावर होती. १८०४ सालीं लात्रेय या फ्रेंच पंडितानें हॅलिक्टस ही प्रजाति स्थापिली; १८३३ सालीं कर्टिस या इंग्रजानें लॅसिओग्लॉसम हें नांव योजिलें. अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांतील कार्लिनव्हिल गांवीं राहणाऱ्या चार्ल्स रॉबर्टसननें १९०२ सालीं या चकाकणाऱ्या माश्यांचे पंख तपासले. पंखांतील शिरांमुळें पडणारे एका ठिकाणचे कप्पे बहुतेकींस तीन असतात, एखादीस दोनच. दोन कप्पेवालीस त्यानें डायलिक्टस व तीन कप्पेवालींस क्लोरॅलिक्टस म्हटलें. पुढील पंडितांस घर वेगळें मांडण्याइतका हा भेद मोठा वाटला नाहीं. त्यांनीं दोन्ही घरें एक केलीं, नांव मात्र डायलिक्टस ठेविलें. आणि आतां तें लॅसिओग्लॉसमचें उपकुळ गणलें जातें. एकाच माशीस निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळीं आडनांवें दिसतात, तीं यामुळें.

त्याच काळीं क्षयरोगानें पीडलेला टी. डी. ए. कॉकरेल हा इंग्रज तरुण हवापालटासाठीं १८८७ सालीं कोलोरॅडोस गेला. तो पुढें अमेरिकेंतच स्थायिक झाला आणि त्यानें जगभरच्या हजारों माश्यांना नांवें दिलीं. त्याची शिष्या ग्रेस सँडहाउस हिनें १९२४ सालीं या चकाकणाऱ्या माश्यांच्या नव्या जाति प्रसिद्ध केल्या. या मंडळींचे परिश्रम थोर होते. परंतु नर व मादी दिसावयास निराळीं असल्यामुळें एकाच जातीस दोन नांवें पडत, तर कधीं एका नांवाखालीं दोन-तीन जाति सुखानें नांदत. पाठीवरील सूक्ष्म खळगे किती दाट, सुरकुत्या किती लांब, लव कोठें विरळ, यांवर सगळा निवाडा!

रूपानें जो प्रश्न सुटत नव्हता, त्यावर वर्तनानें निराळाच प्रकाश पाडला. फ्रान्समध्यें जाँ आंरी फाब्र यानें १९०३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथखंडांत असें वर्णिलें आहे कीं, बिळाच्या तोंडाशीं एक वृद्ध माशी डोक्यानें दार अडवून बसते, घरच्या मंडळींस वाट देते आणि परक्यास हुसकून लावते. वाड्याच्या देवडीवर बसलेल्या आजीबाईच त्या! पुढें कॅन्सस विद्यापीठांत चार्ल्स मिचनर व त्यांचे सहकारी यांनीं डायलिक्टसमधील झेफिरम ही जाति प्रयोगशाळेंत पाळली. १९७९ सालीं ग्रीनबर्ग यांनीं तेथें दाखवून दिलें कीं, राखणदार माशी गंधावरून नातें ओळखते; येणारी जितकी जवळची आप्त, तितका तिला प्रवेश मिळण्याचा संभव अधिक. पंडितांस भिंगाखालीं जें दिसत नव्हतें, तें त्या माशीस अंधाऱ्या दारांत क्षणांत कळत होतें.

अखेर मनुष्यानेंहि रूपापलीकडे पाहिलें. कॅनडांतील जेसन गिब्ज यांनीं शरीररचनेच्या जोडीस पेशींतील वंशद्रव्याचा, म्हणजे डीएनएचा, पुरावा घेऊन २०१० व २०११ सालीं या गटाची फेरतपासणी प्रसिद्ध केली. एकट्या कॅनडांतच ऐंशींहून अधिक जाति निघाल्या. एका नव्या जातीस त्यांनीं दुःस्वप्न या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून एफियाल्टम असें नांव दिलें. या माश्या ओळखूं पाहणारांची दशा त्यांत पुरती आली आहे. दुसरीस गॉथम, म्हणजे न्यूयॉर्कचें टोपणनांव, मिळालें. एवढ्या गजबजलेल्या शहरांतील माशी २०११ पर्यंत अनामिक राहिली होती!

इतक्या खटाटोपाचें फळ काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पुनः कार्लिनव्हिल येथेंच मिळतें. रॉबर्टसननें आपल्या गांवाच्या आसपास कोणत्या फुलावर कोणता कीटक येतो, याची नोंद वर्षानुवर्षें ठेविली व १९२८ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. २०१३ सालीं बर्कल, मार्लिन व नाइट या संशोधकांनीं तेथील वनांतील फुलांचा पुनः शोध घेऊन त्या जुन्या नोंदींशीं ताडून पाहिला. सुमारें १२० वर्षांत, त्या फुलांवर येणाऱ्या माश्यांच्या निम्म्या जाति तेथून नाहींशा झाल्या होत्या. रॉबर्टसननें त्या वेळीं नांवनिशीवार खानेसुमारी केली नसती, तर हें नुकसान कोणाच्या ध्यानांतहि आलें नसतें; कारण फुलांवर माश्या तर अजूनहि घोंघावत आहेत.

हा प्रश्न केवळ परक्यांचा आहे असें कोणीं समजूं नये. घाममाश्यांचें कुळ आपल्या देशांतहि नांदत आहे. बिंगहॅमनें १८९७ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांतील कित्येकांची नोंद केली आहे. इतकेंच नव्हे, तर मुंग्या, मधमाश्या यांच्या पूर्ण समाजजीवनास शास्त्रांत रूढ झालेला ‘युसोशल’ हा शब्द सुझन बात्रा यांनीं १९६६ सालीं प्रथम योजिला, तो भारतांतील याच कुळाच्या माश्यांच्या घरट्यांवरील निबंधांत. एवढा मान आमच्या मातींतल्या बिळांस मिळाला, तरी तीं आम्हीं किती जणांनीं पाहिलीं आहेत?

प्रत्येकानें भिंग घेऊन खळगे मोजीत बसावें, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु अंगणांतील इंचभर उघडी जमीनहि फरशीखालीं गाडतांना ती कोणाचें घर आहे, एवढें तरी विचारावें. आणि आमच्या महाविद्यालयांतील एखाद्या तरुणानें आपल्या गांवाच्या परिसरापुरती रॉबर्टसनसारखी वही लिहावयास घेतली, तर तिचें मोल आज नाहीं, शंभर वर्षांनीं कळेल. जें गेलें त्याचा शोक करण्यासाठींहि तें पूर्वीं होतें हें ठाऊक असावें लागतें.