पाय घडवणारे हात

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली लोकल सुटली. तेव्हा दिवसाला जायची एक गाडी आणि यायची एक. आज त्याच मार्गावर वसई-विरारकर दारात लटकून कामावर जातात, आणि त्यांतले काही जण रुळांवर हातपाय गमावतात. हाच मार्ग महालक्ष्मीला जातो. तिथे उतरून हाजी अलीच्या दिशेने चालत गेलं, की ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन’ लागते. कृत्रिम अवयव आणि कॅलिपर बनवण्याचं पदवी शिक्षण इथे मिळतं.

हे काम शिकवायची गरज का पडली? कृत्रिम पायाची कल्पना आपल्याकडे ऋग्वेदाइतकी जुनी आहे. लढाईत पाय तुटलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी लोखंडी पाय दिला, असं तिथे म्हटलंय. पण प्रत्यक्षात लाकूड, लोखंड, चामडं हे सुतार, लोहार, चांभारांचं साहित्य, आणि त्यांची विद्या बापाकडून मुलाकडे जाणारी. एकाच वेळी शेकडो माणसांना पाय लागले तेव्हा ही रीत पुरेनाशी झाली.

पहिला रेटा युद्धाचा. दुसऱ्या महायुद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४मध्ये पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. दुसरा रेटा पोलिओचा. मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी संस्था सुरू केली. पोलिओग्रस्त मुलाला नवा पाय नको होता, होत्या त्याच पायाला आधार हवा होता. हा आधार म्हणजे कॅलिपर, आणि तो मूल वाढेल तसा बदलावा लागे. १९५५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने हाजी अलीची सरकारी संस्था सुरू झाली, आणि कारखाना, दवाखाना व वर्ग एका छपराखाली येत गेले.

वर्गात शिकायचं काय, याचं उत्तर एका साच्यात आहे. गुडघ्याखाली तुटलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर ओलं प्लॅस्टर गुंडाळून ठसा घेतात, त्यात पुन्हा प्लॅस्टर ओतून पायाची प्रतिकृती काढतात. मग खरं काम सुरू होतं. जिथे शरीर भार सोसू शकतं, उदाहरणार्थ गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध, तिथलं प्लॅस्टर तासायचं. जिथे हाड त्वचेलगत आहे, तिथे थर चढवायचा. या प्रतिकृतीवर सॉकेट बनतं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात पक्की झालेली ही पद्धत जगभर शिकवली गेली. कुठे किती तासायचं हे ठरवायला शरीररचना माहीत हवी आणि तासायला हात हवा. चुकलं, तर सॉकेटमध्ये जखम होते आणि पाय कोपऱ्यात पडून राहतो.

पण हाताची विद्या वर्गातच असते असं नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस घडलेल्या ‘जयपूर फूट’मागे डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर रामचंद्र शर्मा होते. शालेय शिक्षण जेमतेम, पण कारागीर पक्के. मांडी घालून बसता येईल, अनवाणी चालता येईल असा रबरी पाय त्यातून घडला. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने मात्र या व्यवसायाला ठरावीक शिक्षण आणि नोंदणी आवश्यक केली. आज शर्मांसारख्या माणसाला वर्गाच्या दारातूनच परत जावं लागेल. तरीही कायदा अनाठायी नाही: वाईट बसलेल्या सॉकेटचा भुर्दंड रुग्णाच्या कातडीला पडतो.

२०११नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळलेला नाही. मधुमेह आणि अपघात मात्र आहेत. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही महिन्यांत उरलेला पाय आकसतो, सॉकेट सैल होतं, ते पुन्हा बनवावं लागतं. म्हणून शिबिरात एकदा पाय वाटून काम संपत नाही. जव्हार-मोखाड्याच्या माणसाने दर वेळी मुंबई गाठावी, ही अपेक्षा त्याच्या मजुरीवर येते. महालक्ष्मीला शिकून विरारच्या गाडीने परतणाऱ्या मुलामुलींना पालघर जिल्ह्यातच कार्यशाळा आणि पगार मिळाला, तर १९४४पासूनची ही विद्या तिची जिथे गरज आहे तिथे पोहोचेल.