हळद, जखम आणि रक्तवाहिन्या : एका पुराव्याचा इतिहास

सांगलीच्या पेठेतील हळद पुण्यास येताना साताऱ्यावरून कात्रजचा डोंगर ओलांडते. डोंगराच्या पायथ्याशी, कात्रज-धनकवडी परिसरात, भारती विद्यापीठाची वैद्यकीय व आयुर्वेद महाविद्यालये एकाच आवारात आहेत. जखमेवर हळद का लावावी, या प्रश्नाचे उत्तर या दोन शाखा वेगवेगळ्या परिभाषेत देतात. प्रस्तुत लेखात त्या उत्तराच्या एकाच अंगाचा, रक्तवाहिन्यांच्या वाढीचा, ऐतिहासिक विचार केला आहे.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पूर्वीचे संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर त्यानंतर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख झाले. परिषदेने या पेटंटला आव्हान दिले. पुराव्यात प्राचीन संस्कृत ग्रंथ होते, तसाच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले आणि या प्रकरणास 'हळदीघाटीची लढाई' म्हटले जाऊ लागले. विजय खराच होता. परंतु त्याचा अर्थ आपल्याकडे नेहमी सैल लावला जातो. हा उपयोग नवा नाही, एवढेच त्या निकालाने ठरविले. हळद गुणकारी आहे की नाही, हा प्रश्न त्या कार्यालयापुढे नव्हताच.

तो प्रश्न प्रयोगशाळेचा होता आणि तेथे वाट अधिक वळणांची निघाली. १९७१ मध्ये ज्यूडा फोकमन यांनी असे मांडले की, कर्करोगाची गाठ नव्या रक्तवाहिन्यांवाचून काही मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही. म्हणून ती वाढ रोखणे हाच उपचार ठरू शकेल. हे मत रूढ होण्यास बराच काळ लागला. जखमेची स्थिती याच्या नेमकी उलट असते : तेथे नव्या केशवाहिन्या फुटल्याशिवाय मांस भरून येत नाही.

आता १९९८ हे वर्ष पाहावे. हळदीतील पिवळे द्रव्य, कर्क्युमिन, १८१५ मध्येच वेगळे काढण्यात आले होते व त्याची रचना १९१० मध्ये निश्चित झाली होती. १९९८ मध्ये सिद्धू व त्यांच्या सहकाऱ्यांना उंदीर व गिनिपिगांच्या जखमांत, कर्क्युमिन दिल्यावर, नव्या रक्तवाहिन्यांची विपुल वाढ आढळली. त्याच वर्षी आर्बिझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, उंदराच्या डोळ्याच्या पारपटलात वाढघटकाने उद्दीपित केलेली रक्तवाहिन्यांची वाढ कर्क्युमिनने रोखली जाते. एकच द्रव्य, एकच वर्ष, निष्कर्ष परस्परविरुद्ध!

हा विरोध वरवरचा आहे. ऊती निराळी, वाहिन्या वाढण्याचे कारण निराळे, मापनाची पद्धतही निराळी. तरीही आपल्याकडील अनेक लेखांत यांपैकी सोयीचा एकच प्रयोग उचलून त्यापुढे परंपरेचा दाखला जोडला जातो, हे खेदाने नमूद करावे लागते. जखमेवर हळद दाबणाऱ्या आजीला वाहिन्यांची वाढ मोजावयाची नव्हती. संशोधकाला ती मोजावी लागते.

शिवाय घरातील हळदीत कर्क्युमिनचे प्रमाण साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असते, पोटातून ते रक्तात फारच थोडे पोहोचते आणि द्रावणात लवकर विघटित होते. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकातील विस्तृत समीक्षेने याच कारणांसाठी कर्क्युमिनच्या औषधी दाव्यांवर कठोर आक्षेप घेतले. ते आक्षेप शुद्ध कर्क्युमिनविषयीचे आहेत. जखमेवर थेट लावलेल्या हळदीच्या लेपाची परीक्षा स्वतंत्रपणेच करावी लागेल.