एका पिरियडमध्ये किती तोंडं उघडतात

पंचेचाळीस मिनिटांचा पिरियड आणि वर्गात नव्वद मुलं. शिकवणाऱ्यानं हजेरी घेतली नाही, स्वतः एक अक्षर बोललं नाही आणि सगळा वेळ मुलांना दिला, तरी एकेकाच्या वाट्याला तीस सेकंद येतात. इतिहासाच्या पिरियडला हे एकवेळ निभावतं. भाषेच्या पिरियडला निभावत नाही, कारण परकी भाषा ऐकून थोडी कळते आणि बोलल्याशिवाय येत नाही. इंग्रजी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. आधी सौंसरच्या बाजूला, मग नागपुरात, आणि निवृत्तीआधीची काही वर्षं इथिओपियातल्या एका नव्या विद्यापीठात. तिन्ही ठिकाणी मला एकच प्रश्न पडत राहिला: एवढ्या गर्दीत ही मुलं बोलणार कधी? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि त्याचे काही धागे आमच्या लोधीखेड्याच्या मुलखातून जातात.

लोधीखेडा हे सौंसरजवळचं पितळ-तांब्याच्या भांड्यांचं गाव. भट्टीजवळ एका जाणत्या कारागिराच्या हाताखाली दोन-तीन पोरं असत. चौथ्याला जागाच नसे, कारण प्रत्येकाचा ठोका कारागिराला ऐकू यायला हवा. शाळेत मात्र आम्ही पन्नासच्या वर होतो. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि सहावीपासून इंग्रजी, असा आमच्या पट्ट्याचा शिरस्ता. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, त्यानंतर इथल्या मराठी मुलांच्या वाट्याला शाळेत आधी एक भाषा वाढली आणि मग तिसरी. गुरुजी रीडरमधलं वाक्य म्हणायचे, आम्ही एका सुरात मागून म्हणायचो. एकट्यानं वाक्य बोलायची वेळ कधी यायची ती इन्स्पेक्टर आले की, आणि तीही पहिल्या बाकावरच्या दोघा-तिघांना.

पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत ही अडचण वेगळ्या रीतीनं सोडवलेली होती. एका पंतोजीपुढे लहानमोठी सगळी मुलं एकत्र बसत. मोठा मुलगा पाढे सांगे, लहान मुलं त्याच्यामागून म्हणत. धूळपाटीवर अक्षर गिरवणाऱ्याचा हात त्याच्याहून थोडा पुढे गेलेला मुलगा धरी. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री 1789 पासून मद्रासमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवत होता. तिथल्या एका मलबारी शाळेतली मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढताना त्यानं पाहिली, आणि आपल्या शाळेत मुलांकडूनच मुलांना शिकवायला सुरुवात केली. 1797 मध्ये लंडनला त्यानं त्यावर पुस्तक छापलं. पुढे बेल आणि जोसेफ लँकेस्टर यांच्या पद्धतीनं इंग्लंडमधल्या गरिबांच्या शाळा चालल्या. शेकडो मुलांच्या एका दालनात एक शिक्षक आणि त्याच्या हाताखाली हुशार मुलं. ही पद्धत स्वस्त पडत होती म्हणून पसरली, हे खरं. त्या हुशार मुलांनाही स्वतः पाठ केलेलंच पुढे सांगता येई, हेही खरं. तरीसुद्धा तिथे प्रत्येक मूल दिवसातून कितीतरी वेळा बोलत होतं.

इंग्रजी उच्च शिक्षणाची सुरुवात आपल्याकडे अगदी उलट, फार थोड्या माणसांत झाली. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झालं आणि 1862 च्या पहिल्या बी. ए. परीक्षेत चार जण उत्तीर्ण झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. चौघांच्या वर्गात मागचा बाक नसतो. पुढे रानडे स्वतः एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायला लागले. आमच्या बाजूला स्टीफन हिस्लॉप हा मिशनरी 1845 मध्ये नागपूरला आला आणि दुसऱ्याच वर्षी त्यानं शाळा काढली. त्याच्या नावाचं कॉलेज 1883 मध्ये सुरू झालं, मॉरिस कॉलेज 1885 मध्ये. सातपुड्याच्या या अंगाच्या मुलांना शिकायला जायचं ते नागपूरलाच. छोट्या लाइनीची गाडी लोधीखेड्याला थांबायची, आणि 2015 च्या अखेरीस ती बंद होईपर्यंत कॉलेजात जाणाऱ्या कित्येक पिढ्या तिनं नेल्या-आणल्या. मीही त्यातलीच.

कॉलेजं वाढली तशी मुलं वाढली. 1917 मध्ये नेमलेल्या सॅडलर आयोगानं कलकत्ता विद्यापीठाची पाहणी केली. त्याच्या 1919 च्या अहवालात दिसणारं चित्र आजही ओळखीचं वाटतं: खचाखच भरलेले वर्ग, उतरवून दिलेल्या नोट्स आणि परीक्षेपुरती घोकंपट्टी. विद्यार्थ्यांना लहान गटांत बसवून शिकवा, ट्युटोरियल वाढवा, असा आयोगाचा आग्रह होता. 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ झालं, तेव्हा हा सल्ला ताजा होता. त्यानंतरच्या काळात मॉरिस कॉलेजात कुसुमावती देशपांडे इंग्रजी शिकवत होत्या. लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात शिकून आलेल्या या बाई पुढे 1961 मध्ये ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, आणि त्या पदावर बसलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. मी शिकत होते तोवर त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण मराठीत विचार करणारी आणि इंग्रजी शिकवणारी बाई आपल्या नागपुरात होऊन गेली, एवढं कळणं माझ्यासारख्या मुलीला पुरेसं बळ देणारं होतं.

माझ्या वेळेपर्यंत टाइमटेबलावर ‘ट्युटोरियल’ हा शब्द तेवढा शिल्लक होता. जागा रिकाम्या, शिक्षक कमी, म्हणून दोन तुकड्या एकत्र बसायच्या. ज्यांनी ही अडचण मोकळेपणानं मांडली त्यांत मायकेल वेस्ट हे नाव मी मानानं घेते. त्यांनी बंगालमध्ये, ढाक्यात, वर्षानुवर्षं काम केलं आणि 1960 मध्ये प्रतिकूल परिस्थितीतल्या इंग्रजी शिक्षणावरच पुस्तक लिहिलं. वर्गात तीसपेक्षा जास्त मुलं, दाटीवाटीचे बाक, एकमेकांशी न जुळणारी तयारी आणि उष्ण हवा, ही त्यांची प्रतिकूल परिस्थिती. आमच्या मे महिन्यातल्या सौंसरला हे वर्णन कुणी वाचून दाखवलं तर गावाचं नाव विचारावं लागणार नाही.

परदेशी गेल्यावर हीच परिस्थिती मला पुन्हा भेटली. इथिओपियात भारतीय मास्तर नवा नाही. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात तिथल्या शाळांमध्ये भारतीय शिक्षक मोठ्या संख्येनं होते, आणि आजही वयस्क इथिओपियन माणूस आपल्या केरळच्या किंवा तमिळ सरांची आठवण काढतो. तिथे नववीपासून पुढचं शिक्षण इंग्रजीतून होतं. गेल्या पंचवीसेक वर्षांत विद्यापीठं दोन-तीनवरून चाळीसच्या वर गेली, आणि एवढे शिक्षक आणायचे कुठून, म्हणून पुन्हा भारताकडे पाहिलं गेलं. पहिल्या वर्षाच्या माझ्या वर्गात ओरोमो, अम्हारा, सिदामा अशी वेगवेगळ्या मातृभाषांची मुलं दाटीनं बसत. प्रश्न विचारला की शांतता पसरायची. मला ती शांतता सहावीतल्या आमच्या वर्गातून ओळखीची होती. मुलांना येत नव्हतं असं नाही. एवढ्या लोकांपुढे चुकायची त्यांची तयारी नव्हती.

त्याच सुमारास तिथे सरकारनं ‘एकास पाच’ ही रीत आणली होती. पाच जणांमागे एक पुढारी विद्यार्थी, आणि अभ्यास गटानं करायचा. या जाळ्याचा वापर राजकीय पाळतीसाठी होतो अशी टीका झाली, आणि ती हलक्यानं घेण्यासारखी नव्हती. पण माझ्या वर्गात मी या रीतीचा उपयोग वेगळा केला. पुढारी दर आठवड्याला बदलायचा, म्हणजे कायमचा हुशार कुणी नाही आणि कायमचा मुका कुणी नाही. सगळे गट एकाच वेळी बोलत, वर्गात बाजारासारखा कलकलाट होई आणि मी एका वेळी एकाच गटाजवळ बसत असे. मुलं पाच जणांपुढे चुकायला धजत होती. महिना-दोन महिन्यांत तीच मुलं वर्गापुढे उभी राहू लागली.

1980 च्या दशकात इंग्लंडमधल्या लँकेस्टर आणि लीड्स विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी मोठ्या वर्गांवर एक प्रकल्प चालवला. त्यातले हायवेल कोलमन यांनी इंडोनेशियातल्या विद्यापीठात शिकवलेलं होतं. त्या कामातून पुढे आलेली एक गोष्ट मला पटते: मोठा वर्ग म्हणजे किती, याचं उत्तर शिक्षकाला कशाची सवय आहे यावर ठरतं. कुणाला तीस जड जातात, कुणी शंभरालाही कुरकुरत नाही. आपल्याकडचं संकट हेच आहे की आपल्याला सवय झाली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक वर्गात एका शिक्षकामागे तीस आणि उच्च प्राथमिकमध्ये पस्तीस मुलं अशी मर्यादा घातली. ती आठवीपर्यंतची. मूल मोठं झालं की ही काळजी संपते, आणि इंग्रजीची खरी गरज नेमकी त्याच वयात सुरू होते.

ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, नवे फलक आणि नव्या मागण्या. माझी मागणी जुनी आहे. आपल्या प्रत्येक कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला वर्गाच्या बॅचेस पाडतात, कारण नव्वद मुलांनी एकाच टेबलाभोवती उभं राहून प्रयोग होत नाही हे सगळ्यांना कळतं. इंग्रजीचा पिरियडही प्रॅक्टिकलच आहे. त्याच्याही बॅचेस पाडा, वीस-वीसच्या, आणि जागा भरा. जोवर तेवढे शिक्षक मिळत नाहीत, तोवर पाच-पाचचे गट करून मुलांना एकमेकांशी बोलू द्या. पंतोजींच्या शाळेला जे जमत होतं ते बी. ए. च्या वर्गाला जमायला हवं. संत्र्याच्या बागेतून आणि भांड्यांच्या दुकानातून कॉलेजात आलेल्या मुलीला दिवसाला निदान दहा वाक्यं स्वतःची बोलायला मिळाली पाहिजेत, आणि तिच्या चुका ऐकायला कुणीतरी जवळ बसलेलं असलं पाहिजे. एवढं झालं की ती नागपूरलाही जाईल आणि अदिस अबाबालाही.