भुताळी : मनोरच्या पाड्यांवरील संशयाचा इतिहास

रक्तपिपासू व्हॅम्पायरांमधील प्रेम, निष्ठा आणि वैर हा माँगांचा, म्हणजे जपानी चित्रकथांचा, आवडता विषय असून मात्सुरी हिनो यांची 2004 मध्ये सुरू झालेली 'व्हॅम्पायर नाइट' ही मालिका त्याचे ठळक उदाहरण होय. मनोर-पालघरच्या वारली पाड्यांवर मात्र दुसऱ्याचा जीव शोषण्याची तशीच कल्पना जित्याजागत्या स्त्रियांना चिकटली. नजरेने माणसाचा वा गुरांचा जीव शोषते, असा जिच्यावर संशय घेतला जाई ती भुताळी. मूल तापाने फणफणले की भगत, म्हणजे पाड्यावरचा मांत्रिक-वैद्य, सुपातले तांदळाचे दाणे सारून दोष कोणाचा ते सांगे, आणि बोट बहुधा भाऊबंदांतल्याच एखाद्या विधवेकडे वळे. ज्या मुलाला तिने मांडीवर खेळवले, त्याच्याच आजारपणापायी तिला मारहाण सोसावी लागे किंवा पाडा सोडावा लागे. या क्रौर्यामागे औषधोपचारांचा अभाव जितका होता, तितकेच जमिनीवरून धुमसणारे घरगुती तंटेही होते, हे विसरता येत नाही. अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्र राज्याने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला. एखाद्या स्त्रीला भुताळी ठरवून छळल्यास त्यानुसार 6 महिने ते 7 वर्षे कारावासाची शिक्षा होऊ शकते.